काचेआडचं शेळ्यांचं पुस्तक

तुमच्या ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ठाऊक आहे? डांबरगोळीचा वास आला की मला महाडच्या कॉलेजातलं तसलं कपाट आठवतं. मी तिथे शिकत होते तेव्हा उमरठजवळच्या वाडीवर काकूच्या शेळ्या एकेक करून मरत होत्या आणि गुरांचा डॉक्टर तिथवर चढत नव्हता. शेळ्यांच्या आजारांचं पुस्तक काचेआड मला दिसत होतं. ग्रंथपाल म्हणाले, "ते सायन्सचं कपाट. तुझा विषय इतिहास." मी हात जोडले, "सर, इथेच बसून उतरवून घेते." "शेळ्यांचा इतिहास लिहितेस का?" ते हसले. एसटी स्टँडवर काकू थांबली होती. "गावलं काय गो?" मी रिकामे हात दाखवले. "चारच उरल्या हायत," ती म्हणाली. आठवड्याने गेले तेव्हा गोठा रिकामा होता. त्या पुस्तकाची प्रत आज माझ्याकडे आहे, काकू कधीच वाडी सोडून गेली. उद्याच तुमच्या ग्रंथालयात जा, त्या कपाटाची किल्ली मागा, आणि पुस्तक मागणाऱ्याला यापुढे कुणी त्याचा विषय विचारू देऊ नका.