सिगारची खोली

१९ मे. सकाळच्या बसने केळझरला आले, भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, खोली रिकामी करायला. औषधाचं दुकान नवऱ्यावर सोपवलं होतं. भासरे फेब्रुवारीत गेले. खोली तेव्हाच रिकामी व्हायला हवी होती, पण जाऊबाई म्हणाल्या, राहू दे. मी राहू दिलं. मागच्या आठवड्यात जाऊबाई चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या आणि शेजारणीने मला फोन केला. त्यानंतर राहू देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असा रिवाज आहे. मला भासरे आवडत नव्हते आणि ते गेल्यावरही त्यात काही फरक पडलेला नाही.

लग्न होऊन या घराण्यात आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हातात सिगार होती आणि ती ते कानाशी धरून दोन बोटांत हळूहळू फिरवत होते. सगळे गप्प बसलेले. मला वाटलं काही पूजाबिजा चालली आहे. नवरा कानात म्हणाला, पान ऐकून राहिलेत. सिगारीचं तंबाखूचं पान कोरडं असेल तर कुरकुरतं, ओलं असेल तर आवाजच करत नाही, मधलं असेल तर कापडासारखं सरसरतं. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यातला गजरा काढून बाहेर ठेवायला सांगितलं. मोगऱ्याचा वास तंबाखूत शिरतो म्हणे. नव्या नवरीशी त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ते जहाजावर इंजिनियर होते. बंदरोबंदरीच्या सिगारी त्यांनी जमवल्या आणि निवृत्त होऊन गावी घर बांधलं ते माणसांच्या आधी त्या पेट्यांचा विचार करून. उत्तरेकडची खोली सिगारींची. तिला खिडकीतला ए.सी., दाराच्या फटींना रबरी पट्टी, वीज गेली तर इन्व्हर्टर. मोठा इन्व्हर्टर, बॅटऱ्यांची रांगच होती, पण त्याची वायर त्या एका खोलीपलीकडे गेली नाही. स्वयंपाकघर मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली. घरात फोडणी नको, उदबत्ती नको, फिनेलसुद्धा नको. केळझरच्या उन्हाळ्यात टिनाखाली चूल पेटवून उभं राहणं काय असतं, ते ज्याला पाहायचं असेल त्याने येऊन पाहावं.

“हे पान जितं हाय,” ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. “त्याले श्वास घेऊ द्या लागते.” मग व्याख्यान सुरू. पारदर्शक कागदातली सिगार हळूहळू श्वास घेते, वर्षानुवर्षांनी कागद पिवळा पडतो, म्हणजे पानातलं तेल बाहेर येऊन राहिलं. ॲल्युमिनियमच्या नळीतली प्रवासाला बरी, पण नळीत कोंडलेली चव कोंडलेलीच राहते. पेटी सुगंधी लाकडाचीच हवी, वार्निश मारलेली नको. ए.सी. हवा कोरडी करतो म्हणून पेटीच्या आत ओलावा वेगळा द्यायचा, तोही डिस्टिल्ड वॉटरचा. नळाच्या पाण्याने बुरशी धरते. ते पाणी माझ्या दुकानातून जाई. दोन देशांच्या सिगारी एका पेटीत ठेवायच्या नाहीत, एकीची चव दुसरीला लागते.

यातलं काही खोटं नव्हतं. एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याला एकाच खोक्यातल्या दोन सिगारी ओढायला दिल्या. एक पेटीत ठेवलेली, दुसरी महिनाभर कपाटात पडलेली. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कपाटातली दोन झुरक्यांत कडू लागली, जीभ पोळली, आणि पेटीतली शेवटपर्यंत मऊ राहिली. मी औषधं विकते. ठेवण चुकली की चांगली वस्तू वाया जाते, हे मला कुणी पटवून द्यायला नको. राग मला त्यांच्या ज्ञानाचा कधीच नव्हता. हवा, ओलावा, अंधार, विश्रांती या सगळ्याची एवढी बारीक जाण ज्या माणसाला होती, त्याच्या घरात त्याची बायको घामाने भिजून फिरत होती आणि ते त्याला दिसत नव्हतं.

तरी त्या काळी रात्री झोपायला तरी जाऊबाई त्या खोलीत असत. भासऱ्यांच्या पलंगाशेजारी खाली गादी टाकून. ते बंद झालं ते एका उन्हाळ्यात. भासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते, पेट्यांमध्ये पाणी घालायचं काम जाऊबाईंवर. एका सिगारीला त्यांना टाचणीएवढं भोक दिसलं, शेजारी बारीक भुगा. म्हणजे कीड. आता कीड लागली की आपल्या बायका काय करतात? गहू असो, तूर असो, ऊन दाखवतात. जाऊबाईंनी गच्चीवर जुनं धोतर अंथरलं, एकीकडे तुरीची डाळ, दुसरीकडे त्या पेटीतल्या सगळ्या सिगारी, आणि मेच्या उन्हात दिवसभर राखण करत बसल्या. संध्याकाळी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. धान्य वाचवावं तशा वाचवल्या. नवरा घरी आल्यावर खूश होईल असंच त्यांना वाटत होतं.

भासऱ्यांनी डबा उघडला, एक सिगार कानाशी धरली. फिरवायच्या आधीच तिची साल फुटली. मी तिथेच होते, त्यांना गाडीतून मीच आणलं होतं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. झाला नाही. डबा बंद करून ते शांतपणे म्हणाले, “तुह्याकडून डाळ होते. डाळच कर.” आणि त्या दिवसापासून जाऊबाईंना खोलीत झोपणं बंद. पाणी घालायला सकाळी एकदा आत जायचं, घालून बाहेर यायचं. समोरच्या खोलीत बाज टाकली. तिथे एक पंखा, तो वीज असेपर्यंत.

मी त्यांच्याशी भांडले. सरळ सांगितलं, ताईंना बी.पी. आहे, गोळ्या माझ्याच दुकानातून येतात, या उकाड्यात त्यांचं काही बरंवाईट होईल. भासऱ्यांनी चष्मा पुसला. “शोभा, हवा बिघडली तरी माणूस टिकते. सिगार नाई टिकत.” वर हसले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे पाहुण्यांनाही ऐकवत असत, आणि पाहुणेही हसत. जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत.

ते स्वतः झोपेतच गेले, हिवाळ्यात, थंड खोलीत. मला रडू आलं नाही.

तर त्या १९ मेला मी खोली उघडली. आत गारवा. ए.सी. चालू होता. पेट्यांमधल्या ओलाव्याच्या पिशव्या ताज्या भरलेल्या. माणूस जाऊन तीन महिने झाले होते आणि जाऊबाई रोज सकाळी पाणी घालून बाहेर येत होत्या, आणि बाहेर त्या बाजेवर उकडत पडत होत्या. मी पेट्या एका बाजूला रचल्या, पलंग झाडला, धुतलेली चादर घातली आणि म्हटलं, ताई, या आता, पडा इथे.

त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

मी म्हटलं, उकडत नाही का तुम्हाला?

“उकडते न माय. मी काई दगड हाव का?”

“मग या ना आत.”

“त्याईनं नाई म्हटलं होतं मले.”

“ताई, ते गेले.”

“गेले,” त्या म्हणाल्या. “गेले म्हणून मले परवानगी भेटली का?”

मी खूप बोलले. घर तुमचं आहे म्हटलं, डॉक्टरांनी काय बजावलंय ते सांगितलं, पुन्हा पडलात तर उचलायला कोण, तेही विचारलं. माझ्याकडे वर्ध्याला चला म्हटलं, तर म्हणाल्या, मग पाणी कोण घालीन? शेवटी हात धरून ओढलं. त्यांनी दुसऱ्या हाताने चौकट पकडली. सहासष्ट वर्षांच्या, त्यात आजारी बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सोडून दिलं. त्या जेवण करायला मागे टिनाखाली गेल्या.

मला त्या दिवशी एवढं कळलं की या गेलेल्या माणसाशी माझं भांडण अजून संपलेलं नाही, आणि ते मी बोलून जिंकणार नाही. तो जिवंत असतानाही मी बोलूनच हरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेलूहून ए.सी.चा मेकॅनिक बोलावला. सोबत वेल्डिंगवाला. समोरच्या खोलीच्या खिडकीचे दोन गज कापायला लावले, उत्तरेकडच्या खोलीतला ए.सी. काढून तिथे बसवला, इन्व्हर्टरची वायर ओढून तिथवर आणली. जाऊबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. या खोलीत त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती, त्यामुळे अडवावं कशावरून ते त्यांना सुचत नव्हतं.

“अन् त्याईच्या सिगारी?” त्यांनी विचारलं.

“वाळतील,” मी म्हटलं.

ए.सी. सुरू झाला, खोली गार व्हायला वेळ लागला. त्या आधी बाजेच्या काठावर टेकल्या, मग पाय वर घेतले, मग आडव्या झाल्या. मी दार ओढून घेतलं आणि वर्ध्याची बस पकडली.