काटा तीन हजारांवर

वडील आता शहात्तर वर्षांचे आहेत. ते आणि आई येलहंक्याला दोघेच राहतात, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये. आईच्या गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी असते. तिला रिक्षात चढता येत नाही आणि टॅक्सीवाले एवढ्या जवळच्या अंतरासाठी येत नाहीत, म्हणून वडीलच तिला गाडीतून नेत. त्यांचं गाडी चालवणं थांबलं की दोघांना माझ्याकडे राहायला यावं लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलणं कधी झालं नाही.

उन्हाळ्यात गाडीचं इंजिन चालता चालता ओरडू लागलं. वेग चाळीसच, पण इंजिनच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर. वडिलांची सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात झालेली. त्यांनी वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या: गिअर, वेग, काटा, चढ की सपाट. वही वाचून एका गॅरेजने थ्रॉटल साफ केला, दुसऱ्याने सेन्सर बदलला. दोन्ही वेळा मी रजा काढून शहर ओलांडून गेलो. फरक पडला नाही.

तिसऱ्या मेकॅनिकने वही उघडलीच नाही. त्याने हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. अशा वेळी इंजिन बंद पडायला हवं. ते फिरत राहिलं. क्लच प्लेट घसरतेय, असं त्याने कन्नडमध्ये सांगितलं. प्लेट गेल्याच वर्षी नवी घातली होती, हे वडिलांनी सुनावलं. मग त्याने वडिलांनाच गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसला. मी मागे.

तो काट्याकडे बघत नव्हता, खाली बघत होता.

"सर, डावा पाय क्लचवरून काढा."

"काढलेलाच आहे."

"सगळे हेच म्हणतात, सर."

वडिलांनी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली आणि हात मांडीवर ठेवले. पाय पेडलवरच होता. पेडल थोडं दबलेलं; नवी प्लेट त्यानेच झिजवली होती. चप्पल कधीच निसटून बाजूला पडली होती. मेकॅनिकने वाकून तो पाय हाताने उचलला आणि खाली ठेवला. तेव्हा वडिलांनी खाली पाहिलं.

साखर त्यांना वीस वर्षांपासून आहे. तळवे बधिर होतात का, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं.

"शुगर इदेया, सर?" साखर आहे का, असं मेकॅनिकने आवाज उतरवून विचारलं. वडिलांनी होकारार्थी मान हलवली. तो ‘सरी’, म्हणजे ठीक, एवढंच म्हणाला.

प्लेट बदलायला गाडी त्याच्या गॅरेजमध्येच सोडली. बाहेर येऊन आम्ही टॅक्सीची वाट पाहत उभे राहिलो. बराच वेळ एकही टॅक्सी मिळाली नाही. वडील रस्त्याकडे बघत म्हणाले,

"तुझ्या घराजवळ फिजिओथेरपीवाला आहे का रे कोणी?"

बघतो म्हणालो.