एकटीच्या विभागात पॅकेज बसवताना

किस्से साचायला माणसं लागतात असं वाटतं ना? उलट आहे. माणसं असली की किस्सा संध्याकाळच्या आत सांगून मोकळं होता येतं. ऐकवायला कोणी नसलं की साचतात!

मी सांगलीकडची. राज्याच्या पूर्व टोकाला, अड्याळच्या बाजूला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. विभागात मी एकटीच, विभागप्रमुखही मीच. एकदा मीटिंगची नोटीस काढली. शिपाई कवडूकाका ती माझ्याकडेच दोनदा सहीला घेऊन आले. एक सही प्रमुखाची, एक सदस्याची.

"मीटिंग कवा हाय, मॅडम?"

"चालू आहे, काका. बसा!"

* * *

तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाचे तीन हंगामांचे आकडे मी बांधोबांध फिरून गोळा केले होते. माझी पीएचडी त्यावरच. विश्लेषणाचं सॉफ्टवेअर-पॅकेज मात्र विभागातल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी तयार मिळेना. नुसता कोड मिळाला. तो मशीनला कळेल असा करून घ्यायला कंपायलर लागतो, आणि ऑफिसच्या परवानगीशिवाय काही टाकता येत नाही. अर्ज दिला : 'विभागास कंपायलर हवा आहे.'

आठ दिवसांनी शेरा आला : 'सदर पद मंजूर नाही.'

हेडक्लार्कना म्हटलं, "अहो, माणूस नकोय मला!"

खोलीत परत आले. समोरची रिकामी खुर्ची बघून वाटलं, खोटं बोलले मी.

* * *

परवानगी मिळाली, कंपायलर बसला, तर नवीनच एरर! पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. "अगं, सोपं असतं ते! फोटो पाठव, लगेच बघते."

पाठवला. निळ्या खुणा आल्या.

अजून बघतेय!

* * *

मग मीच लढत बसले. एकदा पाऊण तास पडद्यावर ओळी धावल्या. काका स्टूल ओढून शेजारी बसले. शेवटी लाल ओळ आली.

"काय म्हनते?"

"लायब्ररी सापडत नाही म्हणते."

"खाली त हाय! चाबी आनू काय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल ओळ.

"आता काय झालं?"

"फसलं, काका. शून्य आलं नाही."

"मंग चांगलंच झालं ना!"

"यात शून्य आलं तरच पास."

"आमच्या पोराच्या वक्ताले असं कालेज काहून नव्हतं!"

* * *

आणि हा बुधवारचा. सकाळी अकराच्या सुमाराला लाल ओळ आलीच नाही. पॅकेज बसलं! खटपटीचा चौथा महिना चालू होता. मी ओरडलेच. पण सांगणार कोणाला?

व्हरांड्यात येऊन उभी राहिले. पार दुसऱ्या टोकाला काका दिसले. मी इथूनच हात हलवला, "काका, झालं!"

काका वळले आणि सुटीची लांब घंटा द्यायला लागले. वर्ग उठले, पोरं-पोरी सायकली काढून पसार! प्राचार्य धावत बाहेर आले.

"कवडू! अकरा वाजून राहिले! सुट्टी कोणं देली?"

काका टोल देतच म्हणाले, "मॅडमचं झालं ना, सर!"