एरंडेलाची बाटली आणि गजाचं पोट

चहा आधी संपवा बुवा. हे सांगायला लागलो की कप हातातच राहील तुमचा! अख्ख्या महागावात माझी जी शोभा झाली ना, ती एका एरंडेलाच्या बाटलीपायी!

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी कापसाच्या बाजारात मापारी. घरात मी, बायको शांता आणि आमचा एकुलता एक गजानन. माझी मतं एकदम पक्की. पोरानं अभ्यास करावा, खेळबिळ म्हणजे हातपाय मोडून घ्यायचे धंदे. आणि दर रविवारी एरंडेल प्यावं. पोराचं पोट साफ, तर बापाचं डोकं शांत!

तर ही बाटली भराभर उतरायला लागली. रविवार नाही, काही नाही, तरी तेल गायब. त्यात गजा रोज पहाटे टमरेल घेऊन पळायचा. "परसाकडे जाऊन येतो बाबा!" आणि यायचा केव्हा? अंगणात उन्हं आल्यावर! घामाघूम, चेहरा लालबुंद, आल्या आल्या भाकरीवर तुटून पडायचा.

आता तुम्हीच सांगा, बापानं काय समजायचं? पोराला जबर बद्धकोष्ठ! चोरून एरंडेल पितो, तासभर कुंथत बसतो आणि लाजेपायी घरी बोलत नाही. काळीजच हललं हो माझं. पोराची लाज राखायची म्हणून शांतेलाही काही बोललो नाही. थेट गाठले हकीमसाहेब.

"तेल पिऊन बी होत नाही?" हकीमसाहेबांनी दाढी कुरवाळली. "मामला गंभीर हाये भाऊ. तेल बंद करा. गुळाच्या पाकात हरड्याची भुकटी द्या. मीठा है, पी लेगा बच्चा."

"पण तो लाजते ना!"

"मग त्याच बाटलीत भरून ठेवा. त्याले सांगता कायले?"

काय डोकं! शांता पाण्याला गेली तशी मी चूल पेटवली, घट्ट पाक केला, हिरड्याची भुकटी घातली आणि बाटली भरून जागच्या जागी ठेवली. शांतेलाही पत्ता लागला नाही.

दुसरा दिवस सव्वीस जानेवारीचा. शांता म्हणाली, "आज तुमाले शाळेत यावंच लागते. काहून ते पुसू नका."

गेलो. पटांगणात एक गुळगुळीत लाकडी खांब उभा. झेंडावंदन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं. भाषण इतकं लांबलं की तो खांब उन्हात चांगला तापला. मग ड्रिलमास्तरांनी शिट्टी फुंकली आणि लंगोट कसून धावत आला कोण? आमचा गजा! मल्लखांबावर झेप घेतली, डोकं खाली, पाय वर, मांड्यांनी खांब आवळला. टाळ्यांचा कडकडाट! टाळ्या संपल्या. गजा तिथंच.

"काय पकड हाये पोट्ट्याची!" माझ्या शेजारचा म्हणाला.

तेवढ्यात वरून केविलवाणा आवाज आला, "मास्तर, मी सुटून नाही राह्यलो!"

मला वाटलं, आली पोटात कळ! ताडकन उठलो आणि साऱ्या गावासमोर ओरडलो, "उतरवा त्याले! पोराचं पोट साफ नाही! एरंडेल पिऊन राह्यला तो रोज!"

पटांगणात हसून हसून लोक लोळायचे बाकी राहिले. मास्तरांनी गजाला ओढला तेव्हा चर्रर्र आवाज झाला. त्यांनी खांबाला बोट लावलं, हुंगलं, चाटलं. "अरे, हा तं गुळाचा पाक!" मुंगळ्यांना ते आमच्या आधीच कळलं होतं.

"पाक म्या भरला," मी पुटपुटलो.

"अहो, तेल पेत नाही तो!" शांता कपाळाला हात लावून म्हणाली. "मल्लखांबाले एरंडेल चोळतेत! तेल आणायचं काम त्याच्याकडं होतं. तुमी नाही म्हणसान म्हणून म्याच देत होती, टमरेलात. आजबी अंधारात त्याच बाटलीतून ओतलं!"

गजा खाली मान घालून उभा. मांड्या लाल झालेल्या. "बाबा, कधीपासून पहाटे उठत होतो मी आजच्यासाठी. गेलं ना सारं."

तिथं मात्र मला राहवलं नाही. "मास्तर, थोडं थांबा!" म्हटलं आणि डोक्याचा रुमाल सोडला. शांतेनं विहिरीचं पाणी आणलं, मी खांब घासघासून धुतला, किराणा दुकानातून नवी बाटली आणली. मग तिघांनी मिळून खांबाला तेल चोळलं. आणि गजा असा काही फिरला त्या खांबावर की माझा ऊर भरून आला. हा पोरगा माझ्याच घरात राहत होता आणि मला माहीत नव्हता!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे आम्ही तिघंही पटांगणात. शांता भिजवलेले हरभरे घेऊन यायची. एरवी जेवताना गप्प बसणारे आम्ही, आता घास तोंडात असतानाच तिघं एकदम बोलायला लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! एक दिवस मीही धोतर खोचलं. "बापाचं बी पाह्य," असं गजाला म्हणालो आणि घेतली झेप. क्षणभर चिकटलो, मग सर्रकन जो घसरलो तो थेट मातीत बूड आपटून बसलो.

शांता हरभरे टाकून हसतेय. आणि गजा माझ्या पाठीवरची माती झटकत म्हणतो कसा, "बाबा, तुमच्यासाठी पाकच लावा लागते!"