न दाबता लिहिणारे पेन

जुनी पेने जमवणारी माणसे भेटली की मी थोडा मागे सरकून उभा राहतो. त्यांना घडण कळते, काळ कळतो. टोपणावरच्या कड्यांवरून ती पेनाचे मूळ सांगू शकतात. माझ्याही खणात पेने पुष्कळ आहेत. पण ती मी एकाच कसोटीवर निवडली होती, आणि अशा जाणकारांपुढे ती कसोटी सांगण्याचा धीर मला आजवर झालेला नाही. पेन हातात आले की मी एवढेच पाहत असे: हे न दाबता लिहील का?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आम्ही परळ सोडून सानपाड्याला राहायला आलो. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होतो. बरोबर पत्नी होती आणि अण्णा, माझे वडील. अण्णा शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची सही पाहण्यासारखी होती. पहिले अक्षर गुढीसारखे उभे, मग एक लांब लाट आणि तिच्याखाली ठाम दोन टिंबे. ती टिंबे ते इतक्या निश्चयाने देत, की लहानपणी मला ती शेजारच्या खोलीत ऐकू येत आणि आता अण्णा उठणार, हे कळे.

सानपाड्याला आल्यावर लवकरच त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. वाचा परतली, चालणे परतले. उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. चमचा धरता येई, शर्टाची गुंडी लावता येई, पण कागदावर जोर देता येत नसे. हे आमच्या नीटसे ध्यानात आले ते नोव्हेंबरात, वाशीच्या बँकेत. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर वर्षी तिथे जाऊन, आपण हयात आहोत, असे सही करून सांगायचे असते. काउंटरवर दोऱ्याने बांधलेले बॉलपेन अण्णांनी दूर सारले आणि खिशातले स्वतःचे शाईचे पेन काढले. सही झाली. काउंटरमागच्या मुलीने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, पुन्हा पाहिली.

"आजोबा, जुळत नाहीये हो. अंगठा दिलात तरी चालतं. कितीतरी जण देतात."

"देत असतील," अण्णा म्हणाले. "मी जन्मभर लोकांचे अंगठे सोडवले, बाई."

मुलगी ओशाळली. "बरं, या वर्षी साहेबांना विचारून घेते चालवून. पुढच्या वर्षी मात्र बघा."

रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाले, "पेन बिघडलंय. निब खरखरते. तू बघशील का जरा?"

मी "बघतो" म्हणालो. चाळिशीनंतर लागलेल्या माझ्या छंदाचा आरंभ इतकाच आहे.

त्यांचे पेन मी उघडले, धुतले, भिंगाखाली पाहिले. त्यात कसलाही दोष नव्हता. "थोडा गाळ होता," मी सांगितले. त्यांनी लिहून पाहिले आणि मान हलवली. "अजून आहे." दोष कुठे आहे हे मला कळले होते, त्यांना कळले होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. विचारण्यापेक्षा निब घासणे माझ्यासारख्या माणसाला सोपे वाटते.

मग मी दुसरी पेने शोधू लागलो. त्या काळात शाईची पेने घराघरांतून बाहेर पडत होती. तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडे ती पत्र्याच्या डब्यात, तुटक्या चष्म्यांच्या सोबतीने पडलेली असत. सहकाऱ्यांना "घरी एखादं जुनं पेन आहे का हो?" असे विचारण्याआधी मी ते वाक्य मनात घोळवत असे, आणि तरीही विचारताना बशीत चहा सांडे. हळूहळू हात बसला. वाळलेली शाई कोमट पाण्यात आपोआप मोकळी होऊ द्यावी, घाई करू नये. आतली रबरी पिशवी कुजली असेल तर काढून नवी बसवावी. निबखाली जी काळी जीभ असते, तिची बारीक खाच साफ केल्याशिवाय शाई उतरत नाही. आणि निबच्या मधली चीर पितळेच्या पातळ पत्र्याने किंचित रुंद केली, तर शाई जास्त येते आणि जोर कमी लागतो. या शेवटच्या गोष्टीसाठीच मी बाकीच्या शिकलो.

चुकाही झाल्या. एका पेनाचे अडकलेले टोपण सैल व्हावे म्हणून मी ते गॅसवर जरा शेकले. रसायनशास्त्राच्या पदवीधराला सेल्युलॉइड ओळखता यायला हवे होते. पेन भपकन पेटले. पत्नीने सांडशीने उचलून ते मोरीत टाकले आणि म्हणाली, "अहो, पेनं दुरुस्त करताय की होम?"

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "स्वाहा म्हणाला का तो, सूनबाई? नाहीतर फळ मिळायचं नाही."

रविवारी सकाळी चहानंतर परीक्षा असे. मी आठवड्याचे पेन शाई भरून टेबलावर ठेवी. अण्णा चष्मा पुसून बसत आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदावर सही करून पाहत. निकाल ते शाळेतल्यासारखाच सांगत. "दहापैकी चार. वळण बरं आहे, दम नाही." किंवा, "याला वर्गाबाहेर उभं कर, डाग पाडतंय." एका रविवारी निब कागदात रुतली आणि कागद फाटला. त्यांनी पेन खाली ठेवले. "शाळेतली पोरं माझी सही हुबेहूब करायची रे. दोघांना मी छड्याही दिल्या होत्या. आता त्यांतला एखादा भेटला तर किती बरं होईल." ते स्वतःच हसले. पत्नीही हसली. मी पेन धुवायला घेऊन गेलो.

सानपाडा गावाच्या तोंडाशी एकाचे रद्दीचे दुकान होते. माणूस मूळचा गावातलाच. गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्यावर त्याने हा धंदा धरला होता. वर्तमानपत्रे तोलता तोलता माझा छंद त्याच्या कानावर गेला, आणि एकदा त्याने गल्ल्यातून एक जाडजूड पेन काढून माझ्यापुढे धरले.

"यो बगा, सायेब. आमचे आज्याचा हाय. त्यानी जलमान येक अक्षर नाय लिवला. खिशाला लावाचा नि मिटिंगीला जावाचा, झाला."

"मग सही?"

"सही कसली वो! आंगठा. शेतां गेली, मिठागर गेला, सगला आंगठ्यावर. पेन खिशानच रायला." तो मोठ्याने हसला. पैशांचे विचारले तर हात झटकला. "न्या. चालू झाला तं मना दाखवा."

पेन मुळात काळे असावे; उन्हाने ते तपकिरी झाले होते. टोपण फिरायला कित्येक दिवस लागले. आतली निब मात्र सोन्याची, मऊ आणि कोरी होती. वापरून वापरून निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते. हिच्यावर कुणाच्याच हाताची झीज नव्हती. मी तिची चीर इतक्या जपून रुंद केली, की मधूनमधून हात थांबवून श्वास घ्यावा लागे.

त्या रविवारी अण्णांनी ते हातात घेतले. बोटे नुसती कागदावर विसावली आणि शाई आली. ओली, भरलेली रेघ. त्यांनी आमचा सानपाड्याचा पत्ता लिहिला. मग माझ्या आईचे नाव लिहिले. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. सही सगळ्यांत शेवटी केली. "दहापैकी किती?" मी विचारले. ते कागदाकडेच पाहत होते. "थांब. वाळू दे."

मी ते पेन रद्दीवाल्याला दुकानात नेऊन चालवून दाखवले. त्याने ते परत घेतले नाही. त्याच्या आज्याची हकिकत मी अण्णांना सांगितली तेव्हा त्यांनी पेन पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिले.

नोव्हेंबरात आम्ही वाशीला गेलो. काउंटरवर तीच मुलगी होती. अण्णांनी सही केली. गुढी एका बाजूला कलली होती, लाट कापत होती. पण खालची दोन टिंबे पडली ती मला स्पष्ट ऐकू आली. मुलीने ताडून पाहिले. मी फरशीकडे पाहत राहिलो.

"आजोबा, छान आली आहे. पण..."

"जुळत नाही."

"नाही हो."

अण्णांनी टोपण सावकाश फिरवून लावले. "मग आणा ते पॅड," ते म्हणाले. "या पेनाला अंगठा काही नवा नाही."

मुलीला ते कळले नाही. तिने हलक्या हाताने त्यांचा अंगठा धरला आणि जागेवर टेकवला. बाहेर पायरीवर मी रुमाल काढला, तेव्हा अण्णांनी माझाच हात पकडून उलटा केला. वर्षभराच्या शाईने बोटे निळीकाळी झाली होती. "बघ," ते म्हणाले, "माझं निदान एकच बोट रंगलंय."

मला वाटले, आता पेनांची गरज संपली. पुढच्या रविवारी मी टेबलावर काहीच ठेवले नाही. अण्णा चष्मा पुसून येऊन बसले. "काय रे, आज परीक्षेला कोणीच नाही?" सोमवारी कामावरून येताना मी भंगारवाल्याकडे थांबलो. त्यानंतर जितके रविवार आम्हाला मिळाले, तितक्या रविवारी कुणी ना कुणी परीक्षेला बसले. माझा संग्रह म्हणतात तो हा.

ते तपकिरी पेन माझ्या हातात नीट चालत नाही. चीर इतकी रुंद आहे, की माझ्या साध्या दाबानेही शाई सांडते आणि अक्षर बुडते. ती मिटवणे अवघड नाही. निब चिमटीत धरून किंचित आवळायची. जाणकारांनी तसे सुचवलेही. मी भिंग लावतो, निब चिमटीत धरतो आणि पुन्हा टोपण लावून टाकतो. एखाद्या रविवारी चहानंतर मी त्यात शाई भरतो आणि बोटांत जोरच नसल्यासारखा हात कागदावर नुसता ठेवतो. तेव्हा ते लिहिते. अक्षर माझे येत नाही. मोठे, जरा कापरे येते. शेवटी मी दोन टिंबे देऊन पाहतो. ती माझ्याच्याने तशी वाजत नाहीत.