उलटा छापलेला बोर्ड

डिलाईल रोडच्या चाळीत भिवाला सगळे ‘बोर्डवाला’ म्हणायचे. संपात गिरणी गेली, तसा साच्यावर कापड विणणारा हा माणूस रेडिओ दुरुस्तीत शिरला आणि घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवायला लागला. फायबरच्या पाटीला चिकटलेल्या तांब्याच्या पत्र्यावर रंगानं रेघा ओढायच्या, पत्रा फेरिकच्या पाण्यात बुडवायचा. रंगाखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. वीस वर्षं हेच. मग मुलीनं, कांतानं, जुना कॉम्प्युटर आणला आणि डिझाइनची तीन सॉफ्टवेअरं लावून दाखवली. एक फुकट, पण मोठा बोर्ड घेईना. दुसरं त्या खटाऱ्यावर हलेचना. तिसरं जुनाट होतं. भिवा म्हणाला, "हेच. याच्यात रेघ माझ्या मनासारखी वळते."

त्या दुपारी वरळी कोळीवाड्याची गुणवंती धापा टाकत आली. हातात मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसचा जळका बोर्ड. "भिवादादा, वादळाची खबर आलीय. बाकीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या, यांचीच बाहेर हाय. एवढ्या लांब पोचणारा सेट हा एकच, नि तोच मेला!" तिचा नवरा हरेश्वर आणि सहा खलाशी त्या बोटीवर होते.

हा बोर्ड मुळात भिवानंच बनवलेला. हात बसावा म्हणून कॉम्प्युटरवर त्याचा नक्षा काढूनही ठेवलेला. मग काय, खालच्या दुकानातून प्रिंट आणली, पत्र्यावर पालथी घातली, वरून इस्त्री दाबली, म्हणजे शाई रंगासारखी तांब्याला चिकटते. अशी छपाई तो पहिल्यांदाच करत होता. फेरिकमधून बोर्ड झकास निघाला. भोकं पाडून अनेक पायांचा आयसी बसवायला घेतला, तर पाय जागेवर जुळेनात. सगळ्या रेघा उलट्या!

सुटे भाग तांब्याच्या मागच्या बाजूनं बसतात, म्हणून हातानं काढताना तो नक्षा उलटा करूनच पत्र्यावर उतरवायचा. त्याच सवयीनं कॉम्प्युटरवरही उलटा केला, अन् इस्त्रीखाली पालथा कागद आपोआप उलटतो हे विसरला. अरे शहाण्या, वीस वर्षांचा अनुभव तो हाच का!

"दुसरा करायला दीड तास लागेल," कांता म्हणाली. गुणवंती भिंतीला टेकली. भिवाला तिच्याकडे बघवेना. माणसं बुडाली तर ती माझ्या हातानं, एवढंच डोक्यात.

त्यानं बोर्ड उचलला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. "कांते, सगळं तांब्याच्या बाजूनंच बसवू! इकडून पाय बरोबर जुळतात." ते काम म्हणजे निव्वळ वैताग. सोल्डरिंगचं टोक भागांखाली जेमतेम शिरायचं, बोटं दोनदा भाजली. अर्ध्या तासात तिघं टॅक्सीनं सोसायटीत पोचली.

सेट लागला. नुसती खरखर. गुणवंती माईकमध्ये ओरडत राहिली. चौथ्या हाकेला हरेश्वरचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"तुझी बायको! वादळ येतंय, जाळी तोड, मुकाट फिर!"

"फिरलो गं, फिरलो!"

भिवा तिथंच मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.