आज्जीची कुंडी

माझ्या पोरीला चौथं वर्ष लागलं होतं आणि घरात जिकडं बघावं तिकडं माती. ओट्याखाली माती, अंथरुणात माती, एकदा तर पिठाच्या डब्यात. गच्चीवर सासूबाईंनी लावलेली शेवंतीची कुंडी होती. पोरगी ती रोज उकरायची आणि तेच हात घेऊन घरभर हिंडायची. माझं तोंड तसं फाटकंच. "अगं भवाने, तुझ्यामागं झाडू घेऊन फिरायलाच जन्माला आले व्हय मी?" हे रोज सकाळी आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीला ऐकू जायचं. त्यात घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. चमचा गेला, सासूबाईंची फणी गेली. मी भांडीवाल्या बाईवरसुद्धा संशय घेऊन बसले.

सासूबाई दिवाळीआधी गेल्या होत्या. मामा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा रडले नाहीत. भेटायला माणसं यायची, मामा त्यांना चहा द्यायला सांगायचे, बस्स. नंतर घरात सासूबाईंचा विषयच निघायचा नाही. पोरगी मात्र सारखी विचारायची, आज्जी कुठं गेली? एकदा वैतागून मी सांगून टाकलं, "मातीत झोपलीय." आमच्या लिंगायतांत दहन करत नाहीत, माती देतात. पोरीला त्या दिवशी शेजारी ठेवलं होतं, तिनं त्यातलं काही बघितलं नव्हतं.

मामांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, छोटंसं शिवलिंग. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. सासूबाईंचंही तसंच होतं. तापानं फणफणल्या तरी पूजेआधी घोटभर चहा घेतला नाही. पोरगी त्यांना चिकटून बसायची, भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडाशी न्यायची. "थांब गं, लिंगाशिवाय आज्जी जेवत न्हाय," असं त्या हसून सांगायच्या.

त्या दिवशी मामांचा गळ्यातला दोरा तुटायला आला होता. नवा ओवायचा म्हणून त्यांनी डबी काढून देवघरात ठेवली आणि आंघोळीला गेले. आल्यावर नेहमीसारखी इन्शुलिनची सुई टोचून घेतली, पाटावर बसले आणि मला हाक मारली. डबी उघडी होती. आत लिंग नव्हतं.

सुई घेतल्यावर थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर माणूस बेशुद्ध पडेल, हे डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. नवरा कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला, फोन गेटवर जमा. मी साखरेचा डबा घेऊन मामांपुढं बसले. "मामा, चिमूटभर तरी घ्या. पाया पडते तुमच्या."

"न्हाय. लिंग सापडंस्तोवर पाणीबी न्हाय."

"आणि काही झालं म्हणजे?"

"सारा जलम ह्यात गेला. आज एका सुईपायी मोडू व्हय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला पोरीपेक्षा म्हाताऱ्याचाच जास्त राग आला. पण राग निघणार कुणावर? पोरगी दारात उभी होती, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. मी तिचा दंड धरला. "आजोबांचं लिंग कुठं टाकलंस?"

"उंदरानं न्हेलं."

माझा हात वर गेला. मामांच्या कपाळावर घाम डवरला होता, तरी ते म्हणाले, "हात खाली घे. भ्याली तर मेली तरी सांगायची न्हाय."

मी हात खाली घेतला. तो कसा घेतला ते माझं मला ठाऊक. तिच्यासमोर फरशीवर बसले आणि आवाज होईल तेवढा मऊ केला. "उंदीर व्हय? कुठल्या बाजूनं गेला गं?"

"जिन्यानं."

"चल, बघूया."

ती पुढं, मी मागं. एका पायरीवर तिनं मुंगी बघितली आणि बसूनच राहिली. मी तोंडात पदराचा बोळा धरला आणि मुंगी बघितली. मग तिला उंदराच्या शेपटीची गोष्ट आठवली, ती ऐकली. खाली मामांची काही चाहूल लागेना म्हणून वळून बघितलं, तर ते कठडा धरून एकेक पायरी वर येत होते.

गच्चीवर ती थेट कुंडीपाशी गेली. "उंदीर इथं आला. आज्जीकडं."

मी दोन्ही हातांनी माती उपसली. आधी चमचा निघाला. मग फणी. मग मुंग्या लागलेला गुळाचा खडा, आणि त्याखाली भाकरीचे तुकडे. काही आजचे, काही बुरशी आलेले. सगळ्यात खाली, ओल्या मातीत, लिंग.

"अगं, पण हे का गं दिलंस आज्जीला?"

तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं. "मी रोज भाकरी देती. आज्जी खातच न्हाय, तशीच ऱ्हाती. तिच्याकडं लिंग न्हाय की!"

मामा मटकन पायरीवर बसले. गच्चीवरच्या नळाखाली मी लिंग धुतलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. हात खाली येताच मी साखर त्यांच्या तोंडात कोंबली. साखर चघळता चघळता ते रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे.

बऱ्याच वेळानं त्यांनी पोरीला जवळ ओढलं. "तिच्याजवळ तिचं हाय, बाळा. माती देताना म्या माझ्या हातानं तिच्या हातात दिलंय."

"मग जेवत का न्हाय?"

 

दुसऱ्या दिवशी मामांची पूजा झाली, मी ताट वाढलं. पोरगी शेजारी येऊन बसली, नखांत माती तशीच. मामांनी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली.

"जा, देऊन ये," ते म्हणाले. "तू खाली आलीस की मी जेवतो, म्हणून आज्जीला सांग."

ती धावत जिना चढून गेली. खाली येईपर्यंत मामा ताटावर तसेच बसून राहिले. घरभर परत मातीची पावलं उठली, आणि मी मुकाट्यानं झाडू घेतला.